शटडाउनमध्ये अडकलेला कर्नल थ्रेड: वाट कोण पाहत आहे, ते आधी शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्सवर चालणाऱ्या एका यंत्रासाठी स्वतः लिहिलेला ड्रायव्हर आहे आणि त्यात उपकरणाकडून माहिती घेत राहणारा एक कर्नल थ्रेड (कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, आत चालणारे स्वतंत्र काम) आहे. यंत्र बंद करण्याची आज्ञा दिली की ते कधीकधी व्यवस्थित बंद होते, पण एरवी कन्सोलवरच्या ओळी एका ठिकाणी थांबतात, काही मिनिटांनी प्रक्रिया क्रमांक 1 ही 120 सेकंदांहून अधिक काळ खोळंबल्याचा संदेश येतो आणि अखेर पॉवरचे बटण दाबून धरावे लागते. थ्रेडला सिगकिल (सक्तीने संपवणारा सिग्नल) पाठवूनही तो जात नाही, तेव्हा त्याला मारावे कसे, असे विचारले आहे.

त्याला मारण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे पहिले उत्तर आहे. कर्नल थ्रेडने स्वतःहून एखादा सिग्नल स्वीकारण्याची तयारी केली नसेल, तर तो सगळेच सिग्नल दुर्लक्षित करतो आणि सिगकिलही त्याला अपवाद नाही. शिवाय शटडाउनच्या वेळी कर्नल थ्रेडना कोणी मारतही नाही. सिस्टमडी, म्हणजे सगळ्या सेवा सांभाळणारी प्रक्रिया क्रमांक 1, उरलेल्या प्रक्रियांना आधी सिगटर्म (थांबण्याची विनंती) आणि मग सिगकिल पाठवते तेव्हा कर्नल थ्रेड वगळूनच पाठवते, त्यामुळे एरवी सुरळीत बंद होणाऱ्या यंत्रातही डझनावारी कर्नल थ्रेड वीज जाईपर्यंत जिवंत असतात. याचा अर्थ असा की थ्रेड नुसता अडकून पडल्याने शटडाउन थांबत नाही. शटडाउन थांबतो तो कोणीतरी त्या थ्रेडची, किंवा त्याने धरलेल्या लॉकची (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाची), वाट पाहत असल्यामुळे. म्हणून शोध घ्यायचा तो वाट पाहणाऱ्यापासून, आणि एकेक कडी ओलांडत साखळीच्या शेवटच्या टोकापर्यंत जायचे.

त्याआधी यंत्र नेमके कोणत्या टप्प्यावर थांबले आहे ते निश्चित करावे, कारण तीन टप्प्यांचे तीन वेगळे रोग आहेत. पहिला टप्पा युजरस्पेसचा, म्हणजे कर्नलबाहेरच्या नेहमीच्या प्रक्रियांचा, असतो. त्यात सिस्टमडी एकेक सेवा थांबवते, प्रत्येक सेवेला मूळ मांडणीत 90 सेकंदांची मुदत देते आणि थांबण्याचे काम चालू असल्याची ओळ दाखवत राहते. ही ओळ दिसत असेल तर अजून कर्नलच्या शटडाउनला सुरुवातच झालेली नाही. एखादी युजर प्रक्रिया सिस्टम कॉलमध्ये (कर्नलकडे केलेल्या विनंतीत) खोळंबलेली असण्याची शक्यता अधिक, आणि नेटवर्क आधी गेले व एनएफएस (नेटवर्कवरील फाइलप्रणाली) माउंट मागे राहिला हे त्याचे नेहमीचे उदाहरण आहे. दुसरा टप्पा रीबूट हा सिस्टम कॉल कर्नलमध्ये शिरल्यानंतरचा असतो. येथे आधी एक जागतिक म्युटेक्स (एक प्रकारचे लॉक) घेतले जाते, जे सस्पेंडच्या वाटेवरही वापरले जाते, म्हणून अर्धवट अडकलेला सस्पेंड शटडाउनलाही अडवू शकतो. त्यानंतर रीबूट नोटिफायरची (रीबूटची सूचना मागून ठेवलेल्या फंक्शनची) साखळी चालते आणि मग 'डिव्हाइस_शटडाउन' हे फंक्शन उपकरणांच्या यादीवरून उलट क्रमाने फिरत प्रत्येक ड्रायव्हरचा शटडाउन कॉलबॅक (या वेळी बोलावण्यासाठी ड्रायव्हरने दिलेले फंक्शन) चालवते. 'पॉवर डाउन' किंवा 'रीस्टार्टिंग सिस्टम' ही ओळ छापली जाते ती हे सारे आटोपल्यावर. ती ओळ दिसून यंत्र थांबले असेल, तर तो तिसरा टप्पा. त्यात कर्नल थ्रेडचा संबंध उरत नाही, दोष बहुधा फर्मवेअरकडे किंवा रीबूटच्या पद्धतीकडे असतो, आणि रीबूट या कर्नल पॅरामीटरने दुसरी पद्धत लावून पाहावी. आपल्या वर्णनात ती ओळ नाही आणि खोळंबलेली प्रक्रिया क्रमांक 1 ची आहे, म्हणून आपण दुसऱ्या टप्प्यात आहात असे मी धरून चालतो.

पहिला व दुसरा टप्पा वेगळा करण्याचा एक सोपा उपाय आहे. सिस्टमडीच्या 'सिस्टम-शटडाउन' नावाच्या निर्देशिकेत ठेवलेल्या स्क्रिप्ट अगदी शेवटी, सिस्टम कॉलच्या किंचित आधी चालवल्या जातात. तेथे मूळ फाइलप्रणाली पुन्हा लिहिण्यायोग्य करून कर्नलचा लॉग एका फाइलमध्ये उतरवणारी दोन ओळींची स्क्रिप्ट ठेवावी. पुढच्या वेळी ती फाइल तयार झालेली आढळली, तर युजरस्पेसने आपले काम संपवले होते असे समजावे.

दुसऱ्या टप्प्यात खरी पंचाईत पुराव्याची असते. फाइलप्रणाली एव्हाना अनमाउंट झालेली किंवा केवळ वाचण्यायोग्य असते, म्हणून सिस्टमडीच्या जर्नलमध्ये (लॉगमध्ये) काहीच उतरत नाही. नेटवर्कवरून लॉग पाठवणारा नेटकन्सोल नेटवर्क कार्डाचा शटडाउन झाला की मुका होतो. यूएसबी कीबोर्डही त्याच्या कंट्रोलरबरोबर जातो, त्यामुळे सिसआरक्यूची (कर्नलला थेट आज्ञा देणारी) कळ दाबूनही प्रतिसाद येत नाही आणि सगळे यंत्रच गोठले असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. म्हणून जेथे शक्य असेल तेथे सिरियल कन्सोल लावावा, लॉगची पातळी दुर्लक्षित करून सगळ्या ओळी छापण्याचे पॅरामीटर द्यावे, आणि लॉग बफर काही मेगाबाइटपर्यंत वाढवावा. सिरियल पोर्टची गती 115200 असली तरी सेकंदाला जेमतेम साडेअकरा हजार अक्षरे जातात. सगळ्या थ्रेडचे स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याच्या याद्या) छापायला सांगितले तर अर्धा मिनिट सहज जातो, तेवढा धीर धरावा.

याच जोडीला 'इनिटकॉल_डीबग' हे पॅरामीटर द्यावे. नावावरून ते केवळ बूटच्या वेळचे वाटते, पण ते चालू असताना 'डिव्हाइस_शटडाउन' प्रत्येक उपकरणाचा कॉलबॅक चालवण्यापूर्वी त्या उपकरणाच्या नावाची एक ओळ छापते. यंत्र थांबले तेव्हा शेवटी छापलेले नाव म्हणजे ज्याच्या कॉलबॅकमधून कर्नल परतला नाही ते उपकरण. माझ्या मते या एका पॅरामीटरइतका वेळ वाचवणारे दुसरे काही नाही, आणि तरी फार थोडे लोक ते वापरताना दिसतात.

आता त्या 120 सेकंदांच्या संदेशाविषयी. तो 'खंगटास्कडी' नावाचा कर्नल थ्रेड छापतो. त्याची मूळ मुदत 120 सेकंदांची आहे आणि तो तपासणीही तेवढ्याच अंतराने करतो. पहिल्या तपासणीत तो थ्रेडच्या संदर्भबदलांची (प्रोसेसरवरून बाजूला होण्याची) संख्या टिपून ठेवतो आणि पुढच्या तपासणीत ती तशीच आढळली तर तक्रार करतो. त्यामुळे प्रत्यक्षात संदेश यायला दोन ते चार मिनिटे लागतात. दोन मिनिटे वाट पाहून बटण दाबणाऱ्याला तो कधीच दिसत नाही. शटडाउन देण्यापूर्वी सिसकंट्रोलमधून (चालू कर्नलची मांडणी बदलणाऱ्या साधनातून) ही मुदत 30 सेकंदांवर आणावी.

या संदेशातले नाव वाचताना मात्र सावध असावे. खंगटास्कडी फक्त 'डी' अवस्थेतले, म्हणजे सिग्नलनेही न उठणारे, टास्क (प्रक्रिया किंवा थ्रेड) पाहतो. सिगकिलपुरते उठू शकणारे आणि निष्क्रिय म्हणून चिन्हांकित केलेले टास्क त्यातूनही वगळले जातात. आपल्या बाबतीत प्रक्रिया क्रमांक 1 ही 'केथ्रेड_स्टॉप' या फंक्शनमध्ये, थ्रेड संपल्याची खूण मिळण्याची वाट पाहत, 'डी' अवस्थेत असणार. ज्या थ्रेडने संपायचे आहे तो स्वतः बहुधा 'एस', म्हणजे सिग्नलने उठू शकणाऱ्या झोपेच्या, अवस्थेत शांतपणे झोपलेला असतो, आणि म्हणून अहवालात त्याचे नाव येतच नाही. अहवालात नाव आले म्हणून सिस्टमडीलाच दोषी धरणे हा चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा प्रकार आहे. याच कारणाने सिसआरक्यूचे 'डब्ल्यू' हे अक्षर, जे केवळ 'डी' अवस्थेतले टास्क दाखवते, येथे अपुरे पडते. सगळे टास्क दाखवणारे 'टी' वापरावे. त्याच्या शेवटी व्यग्र वर्कक्यूंचीही (कर्नलमधील कामांच्या रांगांची) यादी येते, जी ती कामे करणारा 'केवर्कर' थ्रेड गुंतलेला असेल तेव्हा अमोल ठरते.

सिसआरक्यू चालू आहे का, हेही आधीच पाहून ठेवावे. उबुंटूमध्ये त्याचे मूळ मूल्य 176 असते. ते 128, 32 आणि 16 यांची बेरीज आहे आणि त्यात टास्कची माहिती छापण्याची परवानगी देणारा 8 हा अंश नाही. परिणामी रीबूटची कळ चालते, पण स्टॅक छापणारी चालत नाही. तपास चालू असेतोवर मूल्य 1 ठेवावे आणि सिरियल लाइनवर ब्रेक पाठवून लगेच अक्षर टाइप करावे.

स्टॅक हातात आला की खालून वर वाचावा. ज्या ओळींपुढे प्रश्नचिन्ह आहे त्या विश्वासार्ह नसतात, त्या सोडून द्याव्यात. उरलेल्या ओळींतील ऑफसेटवरून स्रोतातली नेमकी ओळ काढण्यासाठी कर्नलच्या स्क्रिप्टमध्ये 'एफॲडर2लाइन' आहे. मात्र डीबगची माहिती त्याच बिल्डची असायला हवी, नाहीतर भलतीच ओळ दाखवली जाते. प्रक्रिया क्रमांक 1 च्या स्टॅकवरून ती कोणत्या ड्रायव्हरच्या कॉलबॅकमधून 'केथ्रेड_स्टॉप'मध्ये गेली ते कळते, आणि मग त्या ड्रायव्हरच्या थ्रेडचा स्टॅक शोधून तो कुठे झोपला आहे ते पाहायचे. जे उत्तर मिळेल ते बहुतेक वेळा पुढील चार कारणांपैकी एकात बसते.

सर्वांत नेहमीचे कारण वाट पाहण्याच्या अटीत असते. 6.0 पूर्वीच्या कर्नलमध्ये 'केथ्रेड_स्टॉप' मुख्यतः तीनच गोष्टी करते: थांबण्याचा बिट लावते, थ्रेडला जागे करते आणि तो संपेपर्यंत स्वतः थांबते (6.0 पासून ती थ्रेडची 'इंटरप्टिबल' झोपही मोडते, म्हणून हे आणि पुढचे कारण मुख्यतः जुन्या कर्नलचे आहे). थ्रेड 'वेट_इव्हेंट_इंटरप्टिबल'मध्ये 'नवी माहिती आली आहे का' एवढ्याच अटीवर झोपलेला असेल, तर जागा झाल्यावर तो अट पुन्हा तपासतो, ती खोटी निघते आणि तो परत झोपतो. लूपच्या माथ्यावर 'केथ्रेड_शुड_स्टॉप'ची तपासणी लिहिलेली असून उपयोग होत नाही, कारण थ्रेड तेथपर्यंत पोहोचतच नाही. ही तपासणी झोपेच्या अटीतच 'किंवा' म्हणून जोडली पाहिजे. एरवी हा दोष लपून राहतो, कारण उपकरण चालू असेपर्यंत नवी माहिती येतच असते आणि थ्रेड आपोआप लूपच्या माथ्यावर येतो. शटडाउनमध्ये ड्रायव्हरने इंटरप्ट आधी बंद केला की माहिती येणे कायमचे थांबते. आपण वर्णन केलेली लक्षणे, विशेषतः कधीकधी यंत्र व्यवस्थित बंद होते ही गोष्ट, याच कारणाकडे बोट दाखवतात.

दुसरे कारण हरवलेल्या जागृतीचे आहे. वेट_इव्हेंटचा मॅक्रो न वापरता हाताने लूप लिहिणाऱ्यांकडून आधी थांबण्याचा बिट तपासला जातो, मग अवस्था 'इंटरप्टिबल' केली जाते आणि मग शेड्यूलरला बोलावले जाते. पहिल्या दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत बिट लागून जागृती येऊन गेली, तर थ्रेड त्यानंतर झोपतो आणि त्याला उठवणारे कोणी उरत नाही. क्रम उलटा हवा: आधी अवस्था बदलावी, मग अट तपासावी, मग झोपावे. म्हणजे मध्येच आलेली जागृती अवस्था पुन्हा 'रनिंग' करते आणि शेड्यूलरकडे गेलेला थ्रेड झोपून राहत नाही. हा दोष शंभरांत एखाद्या वेळीच उमटतो आणि कन्सोलवर अधिक ओळी छापायला लावल्या की वेळेचे गणित बदलून नाहीसाही होतो. तेव्हा तो चाचणीत पकडण्यापेक्षा कोड वाचून पकडणे सोपे जाते.

तिसरे कारण लॉकचे. शटडाउन कॉलबॅकने ड्रायव्हरचे म्युटेक्स घेतले, ते धरूनच 'केथ्रेड_स्टॉप' बोलावले, आणि थ्रेडला लूपच्या त्याच फेरीत तेच म्युटेक्स हवे आहे. येथे दोघेही 'डी' अवस्थेत दिसतात, म्हणून ओळखणे सोपे असते. अलीकडच्या कर्नलमध्ये म्युटेक्स कोणाकडे असण्याची शक्यता आहे हेही संदेशात छापण्याची सोय आहे. लॉकडेपकडून (लॉकच्या वापरातील चुका शोधणाऱ्या कर्नलच्या साधनाकडून) मात्र येथे फार अपेक्षा ठेवू नये. वर्कक्यू फ्लश करताना किंवा काम रद्द करताना घडणारा असा गुंता लॉकडेपला कळतो, कारण त्या वाटेवर त्यासाठी खुणा घातलेल्या आहेत. पण थ्रेड संपण्याची वाट पाहणे हे लॉक नव्हे, म्हणून म्युटेक्स आणि 'केथ्रेड_स्टॉप' यांचा गुंता त्याच्या नजरेतून सुटतो. लॉकडेपने काही म्हटले नाही म्हणजे लॉकचा दोष नाही, असे समजून अनेक जण चुकीच्या दिशेला जातात. तरीही लॉकडेपसह बांधलेला कर्नल हाताशी असावा, कारण त्यात खंगटास्कडी तक्रार करतानाच कोणी कोणते लॉक धरले आहे याची यादी छापतो.

चौथे कारण मला सर्वांत फसवे वाटते, कारण त्यात थ्रेडचा कोड निर्दोष असू शकतो. थ्रेड ज्या गोष्टीची वाट पाहत आहे तीच शटडाउनने त्याच्याआधी बंद केलेली असते. उपकरणे नोंदणीच्या उलट क्रमाने बंद होतात, म्हणून साधारणतः बसवरचे उपकरण आधी आणि बसचा कंट्रोलर नंतर जातो. पण आपल्या ड्रायव्हरला शटडाउन कॉलबॅकच नसेल तर त्याचा थ्रेड कोणी थांबवत नाही, तो चालूच राहतो आणि बंद झालेल्या कंट्रोलरकडे व्यवहार पाठवतो. बस ड्रायव्हरने उत्तरासाठी कालमर्यादा घातलेली नसेल, तर तो बसचे लॉक धरून कायमचा झोपतो, आणि त्याच लॉकची गरज असलेला तिसराच कोणी ड्रायव्हर मग शटडाउन अडवतो. येथे एक गैरसमज दूर करायला हवा: यंत्र बंद होताना ड्रायव्हरचा रिमूव्ह कॉलबॅक आणि मॉड्यूलचे एक्झिट फंक्शन चालवले जात नाही, फक्त शटडाउन कॉलबॅक चालतो. रिमूव्हमध्ये थ्रेड नीट थांबवला आहे, एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. फ्रीझरवरही (थ्रेड गोठवून ठेवणाऱ्या यंत्रणेवरही) विसंबू नये, कारण तो सस्पेंड आणि हायबरनेशनच्या वाटेवर येतो, साध्या पॉवरऑफमध्ये येत नाही. ज्या उपकरणावर आपण अवलंबून आहात ते बसच्या झाडात आपला पालक नसेल, उदाहरणार्थ क्लॉक किंवा रेग्युलेटर, तर डिव्हाइस लिंक जोडून क्रम कर्नलला स्पष्ट सांगावा.

कोड आपला नसेल आणि स्टॅकवरून उलगडा होत नसेल तर स्मृतीचा पूर्ण डंप घ्यावा लागतो. खोळंबलेला टास्क आढळताच पॅनिक करण्याचा (कर्नलने हात टेकून थांबण्याचा) पर्याय चालू करावा आणि केडंपने, म्हणजे आधीच लोड केलेल्या दुसऱ्या 'क्रॅश' कर्नलमधून स्मृती उतरवणाऱ्या यंत्रणेने, डंप घ्यावा, असे सर्वत्र सांगितले जाते. पण शटडाउनमध्ये त्याला एक अडथळा येतो. अनेक वितरणांत केडंपची सेवा थांबताना आधी लोड केलेला क्रॅश कर्नल काढून टाकते, आणि शटडाउनमध्ये इतर सेवांबरोबर तीही थांबते. त्यामुळे नेमक्या वेळी पॅनिक होते पण डंप मात्र मिळत नाही. तपासापुरती त्या सेवेची थांबण्याची आज्ञा निष्प्रभ करावी आणि क्रॅश कर्नल लोड आहे की नाही ते सिसएफएसमधील (कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणाऱ्या फाइलप्रणालीतील) खुणेवरून पाहावे. डंप मिळाल्यावर क्रॅश या साधनात 'डी' अवस्थेतल्या सर्व टास्कचे स्टॅक एकदम काढता येतात. म्युटेक्सच्या रचनेतील ओनर या क्षेत्राचे खालचे तीन बिट शून्य केले की धरून बसलेल्या टास्कचा पत्ता मिळतो. तेथून पुढची कडी, आणि तिथून त्यापुढची, असे जाता येते. क्यूएमूमध्ये (यंत्राची सॉफ्टवेअर प्रतिकृती चालवणाऱ्या साधनात) दोष पुन्हा उमटत असेल तर याहून सोपे: जीडीबी हा डीबगर जोडावा, कर्नलचा पत्ता-यादृच्छिकीकरण पर्याय बंद ठेवावा, आणि थांबलेल्या यंत्रात हवे तितका वेळ फिरावे.

दुरुस्तीचा क्रम मी असा ठेवतो. शटडाउन कॉलबॅकमध्ये आधी नवे काम येण्याचे दार बंद करावे, म्हणजे इंटरप्ट आणि टायमर थांबवावेत. मग कोणतेही लॉक न धरता थ्रेड थांबवावा. आणि त्यानंतरच हार्डवेअरला हात लावावा. थ्रेडच्या झोपेच्या अटीत थांबण्याची तपासणी असावी आणि हार्डवेअरच्या प्रत्येक प्रतीक्षेला कालमर्यादा असावी. थ्रेडने 'केथ्रेड_स्टॉप'ची वाट न पाहता स्वतःहून संपू नये, कारण त्याच्या टास्कचा संदर्भ वेगळा धरून ठेवलेला नसेल तर थांबवणारा मोकळ्या झालेल्या स्मृतीला हात लावतो. थ्रेड केवळ ठरावीक अंतराने उठून वाचन करत असेल, तर तो काढून टाकून विलंबित वर्क (ठरावीक वेळाने वर्कक्यूवर चालणारे काम) वापरावे असे मी सुचवेन. ते रद्द करण्याची वाट कर्नलमध्ये आधीच नीट लिहिलेली आहे, आणि लॉकडेपला ती कळते.

पडताळणीसाठी दर वेळी वीज घालवण्याची गरज नाही. केएक्झेकने नव्या कर्नलवर उडी घेतानाही 'डिव्हाइस_शटडाउन' चालते, त्यामुळे फर्मवेअरचा वेळ वाचवून एका रात्रीत पुष्कळ फेऱ्या होतात. उपकरणाला सिसएफएसमधून अनबाइंड करून पाहणे याहून जलद आहे, परंतु त्यात रिमूव्ह चालतो, शटडाउन नव्हे, म्हणून त्याला पूर्ण पुरावा मानू नये. फेऱ्या घेताना उपकरणावर भार ठेवावा आणि एकदा भार नसतानाही घ्याव्यात, कारण अटीतला दोष नेमका शांत उपकरणावर उमटतो.

दुरुस्ती यंत्रांपर्यंत पोहोचेतोवर हार्डवेअर वॉचडॉगवर (मुदतीत यंत्र पुढे सरकले नाही तर ते रीसेट करणाऱ्या घड्याळावर) काम निभावता येते. सिस्टमडी रीबूटच्या वेळी त्याला मूळ मांडणीत 10 मिनिटांची मुदत देते, ती दोन मिनिटांवर आणली तरी चालते. मात्र खंगटास्कडीची मुदत तिच्या निम्म्याहून कमी ठेवावी, नाहीतर संदेश छापण्यापूर्वीच यंत्र रीसेट होईल. वॉचडॉगच्या रीसेटमध्ये पॅनिक होत नाही, म्हणून पीस्टोअरची (रीबूटनंतरही कर्नलचा लॉग टिकवणाऱ्या यंत्रणेची) नेहमीची नोंदही राहत नाही. त्यासाठी रॅमूप्समध्ये (पीस्टोअरची नोंद रॅममध्ये ठेवणाऱ्या ड्रायव्हरमध्ये) कन्सोलची स्वतंत्र नोंद चालू करावी आणि तिच्यासाठी रीसेटनंतरही मजकूर टिकणारा स्मृतीचा भाग राखून ठेवावा. पुढच्या बूटनंतर पीस्टोअरच्या निर्देशिकेत आधीच्या शटडाउनच्या अखेरच्या ओळी आणि खोळंबलेल्या टास्कचा स्टॅक वाचायला मिळतो.